भिंतीचे पापुद्रे

आपल्या भाषेने रंगाऱ्याच्या कामावर थोडा अन्यायच केला आहे. एखाद्या कामात दम नसला की आपण म्हणतो, "नुसती रंगरंगोटी केली आहे." कोणी आपल्याला फसवलं की म्हणतो, "त्याने चुना लावला." म्हणजे रंग काय आणि चुना काय, दोन्ही आतलं झाकण्यासाठीच! मी ३३ वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे शब्दांचा असा एकतर्फी निकाल मला पटत नाही. आपल्याकडे घराची भिंत रंगवणं हे फार मोठ्या काळापर्यंत शोभेचं काम नव्हतंच. ते आरोग्याचं काम होतं. शोभा मागाहून आली, आणि तिच्याबरोबर आणखीही काही आलं. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

निमित्त घरातलंच आहे. आमचं वाईचं घर सासऱ्यांनी १९३८ साली बांधलं. वीट, माती आणि चुन्याचा गिलावा. माजघरामागे एक लहान खोली आहे, तिला घरात अजून 'बाळंतिणीची खोली' म्हणतात. माझी धाकटी लेक आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन दोन महिने राहायला येणार, म्हणून ही खोली रंगवायला काढली. रंगारी माझाच जुना विद्यार्थी. त्याने पत्र्याने भिंतीचा एक कोपरा खरवडून पाहिला आणि हाताएवढा पापुद्रा माझ्या हातात दिला. "बघा बाई, किती थर आहेत!"

चष्मा पुसून पाहिलं. सगळ्यात वर मोतिया रंगाचा प्लॅस्टिक पेंट, त्याच्या खाली गुलाबी डिस्टेंपर, आणि त्याच्या खाली चुन्याचे पांढरे-निळसर थर, वहीच्या पानांसारखे एकावर एक. खालच्या तीन-साडेतीन फुटांत मात्र वेगळा प्रकार. तिथे हिरवा ऑइल पेंट आणि त्याच्या खाली गेरूचा तांबडा पट्टा. मुलांना मी उत्खननाचे थर फळ्यावर काढून दाखवत असे. इथे ते घरातच निघाले. तर मग खालूनच सुरुवात करू.

सगळ्यात खाली माती. आपल्याकडे रंगापेक्षा भिंत तयार करण्यालाच आधीपासून महत्त्व आहे. अजिंठ्याला आपण चित्रं पाहायला जातो, पण ती चित्रं ज्यावर टिकली तो गिलावाही पाहण्यासारखा आहे. खडबडीत खडकावर माती, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि मग गेरू, पिवळी माती, काजळी असे रंग. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असं दाखवणारा शोधनिबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. तंतूंमुळे माती तडकत नाही. आमच्या आजीला वेरूळ माहीत नव्हतं, पण भिंतीच्या चिखलात भुसा घालायचा हे तिला पक्कं माहीत होतं. पांढऱ्या मातीचा पोतेरा फिरवणं, जमीन सारवणं ही कामं बायकांची. त्याचे पैसे कोणी देत नसे, आणि म्हणूनच त्याचा हिशेब कुठल्या वहीत सापडत नाही.

मातीवर चुना. माझ्या लहानपणी, म्हणजे १९५० च्या दशकाच्या अखेरीस, दिवाळीच्या पंधरा दिवस आधी घरात कळीचा चुना यायचा. पाणी ओतलं की तो रटरट शिजायला लागायचा. आम्हा मुलांना जवळ फिरकू देत नसत, कारण डोळ्यात उडाला तर डोळ्यावर बेतायचं. रात्रभर मुरू द्यायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा. अंगाला, कपड्यांना पांढरं लागू नये म्हणून त्यात डिंकाचं पाणी किंवा सरस, आणि शेवटी चिमूटभर नीळ. नीळ कशाला? तर चुन्याची पिवळसर झाक डोळ्यांना दिसू नये म्हणून. धुतलेल्या धोतराला घालायचे तशीच. मग जाड कुंचल्याने एक हात आडवा, एक हात उभा. लावताना भिंत पाण्यासारखी दिसायची. "काहीच लागलेलं नाही" असं वाटायचं. दुपारपर्यंत मात्र खोली उजळून जायची!

यामागचं शास्त्र मला पुढे शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी समजावून दिलं. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातलं की तो उष्णता सोडत विरतो. भिंतीवर लावला की तो हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे दरवर्षी आपण भिंतीवर कागदाएवढा पातळ दगड चढवत होतो. ओला चुना इतका तीव्र अल्कधर्मी असतो की बुरशी आणि जंतू त्यात तगत नाहीत. शिवाय हा थर भिंतीतली ओल अडवून धरत नाही, बाहेर पडू देतो. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, शेक, धुरी यांनी भिंती काळवंडायच्या. पुढच्या बाळंतपणाआधी तिथे चुन्याचा हात फिरवायची पद्धत उगीच नव्हती.

खालचा गेरूचा पट्टाही असाच कामाचा. माणसं भिंतीला टेकून बसत. तेलकट डोकी आणि मळके हात लागत. तांबड्यावर ते दिसत नसे.

चुना आरोग्याचा होता म्हणून तो एकदा जबरदस्तीचाही झाला, हे इतिहासाच्या शिक्षिकेला सांगितल्याशिवाय राहवणार नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या आरंभी पुण्यात पसरला. रँडच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली आणि गोरे सोल्जर घराघरांत शिरले. झडत्या झाल्या, सामान रस्त्यावर आलं, देवघरापर्यंत बूट गेले. घरं धुऊन निर्जंतुक करायची आणि भिंतींना चुना द्यायचा, हा त्या मोहिमेचाच भाग होता. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण सगळे शाळेत शिकलो. मला नेहमी वाटत आलं आहे की चुना तोच, भिंत तीच. पण दिवाळीला घरच्या बाईने लावला तर तो सण, आणि परक्या शिपायाने न विचारता लावला तर तो अपमान. औषध बरोबर असूनही देण्याची रीत चुकली, तर लोक औषधाचाही राग करतात. (अलीकडच्या साथीतही याचा थोडाफार अनुभव आपण घेतलाच.)

स्वातंत्र्यानंतर भिंतीशी आणखी एका मोहिमेचा संबंध आला. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं. खाकी कपड्यांतली माणसं पाठीला पंप बांधून यायची, भिंतींवर डी.डी.टी. फवारायची आणि दाराशेजारी तारीख लिहून जायची. ते औषध भिंतीवर टिकून राहिलं तरच उपयोग. डास भिंतीवर बसला की मरायचा. वरून चुना दिला किंवा सारवलं की सगळं फुकट! त्यामुळे "आता भिंतीला हात लावू नका" असं ते बजावत आणि इकडे दिवाळी तोंडावर आलेली असे. आमच्या आईने एकदा दाराशेजारची ती तारीख तेवढी सोडून बाकी सगळीकडे चुना दिल्याचं मला आठवतं. सरकारचाही मान राहिला आणि सणाचाही!

आता वरचे थर. रंग घरात शिजवायचा जिन्नस होता, तो डब्यातून विकत घ्यायचा जिन्नस झाला. हावड्याला शालिमार ही कंपनी १९०२ साली सुरू झाली, १९२० साली मुंबईत लोअर परळला पुढे नेरोलॅक झालेली कंपनी निघाली, आणि १९४२ साली, महायुद्धात परदेशी रंगांची आवक आटलेली असताना, गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये चार मित्रांनी एशियन पेंट्सची सुरुवात केली. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी त्यांच्यासाठी हातात डबा आणि कुंचला घेतलेला खट्याळ गट्टू काढला. तो २००२ पर्यंत डब्यांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर होता. माझ्या पिढीला रंगाची कंपनी म्हटलं की तोच आठवतो.

डिस्टेंपर म्हणजे मुळात खडूची पूड, सरस आणि रंग. चुन्यात जे रंग मिसळून जळून जात, ते यात खुलायचे. गुलाबी, फिकट पिवळा, आकाशी. बैठकीची खोली कुठल्या रंगाची यावर घराघरांत चर्चा होऊ लागल्या. आणि मग आला ऑइल पेंट. अळशीच्या तेलात, पुढे कारखान्यातल्या राळेत घोटलेला, चकचकीत, ओल्या फडक्याने पुसता येणारा. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, सगळीकडे तीन-चार फूट उंचीचा ऑइल पेंटचा पट्टा आला. गेरूच्या पट्ट्याची जागा त्यानेच घेतली. आमच्या घरी हा हिरवा पट्टा १९७४ सालचा. ह्यांच्या पहिल्या पगारवाढीतून झाला होता. शेजारपाजारचे बघायला आले होते. मुलांनी पेन्सिलीने रेघोट्या ओढल्या तरी पुसून निघायच्या, याचं केवढं अप्रूप!

पण या चकाकीत शिसं होतं.

शिसं आपल्याला नवीन नाही. मारुतीला लावतो तो शेंदूर परंपरेने शिशापासूनच केलेला, आणि लोखंडी फाटकाला गंज चढू नये म्हणून द्यायचे तो तांबडा हातही त्याच शेंदराचा. रंगाऱ्यांचा जुना 'सफेदा' म्हणजे शिशाचंच पांढरं संयुग. चमकदार पिवळ्या रंगात शिसं, त्या पिवळ्यात निळा मिसळून केलेल्या हिरव्यात शिसं, आणि रंग लवकर वाळावा म्हणून घालायच्या द्रव्यातही शिसं. शिशाने रंग दाट बसायचा, लवकर वाळायचा, पावसाळ्यात टिकायचा. त्याने काम चांगलं होत होतं, हीच तर खरी अडचण. वाईट वस्तू लोक लगेच टाकून देतात. चांगलं काम करणारी वाईट वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेन शहरात. तिथल्या मुलांमध्ये शिशाची विषबाधा का दिसते, याचा शोध डॉक्टर घेत होते. लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी १९०४ साली कारण मांडलं: लाकडी घरांचे रंगवलेले व्हरांड्याचे कठडे आणि भिंती. उन्हाने रंगाची भुकटी होते, ती मुलांच्या बोटांना लागते आणि बोटं तोंडात जातात. १९२२ साली क्वीन्सलँडने त्यावर कायदा केला. त्याआधी १९२१ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने घरांच्या आतल्या रंगकामात शिशाचा सफेदा वापरू नये, असा करार केला. तो मुख्यतः रंगाऱ्यांच्या जिवासाठी होता. अमेरिकेत घरगुती रंगांवर बंदी आली १९७८ साली. आपल्याकडे नियम निघाले १ नोव्हेंबर २०१६ रोजी, आणि वर्षभराने, १ नोव्हेंबर २०१७ पासून, घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं असता कामा नये, असं ठरलं. ब्रिस्बेनच्या डॉक्टरांच्या लेखापासून आपल्या नियमापर्यंत ११२ वर्षं! एका वाक्याला एवढा प्रवास करावा लागला.

मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा भाग अंगात मुरतो, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या अंगात मुरतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं, आणि तो परिणाम नंतर भरून निघत नाही. अमुक इतकं शिसं चालेल, अशी सुरक्षित पातळी कोणालाही ठरवता आलेली नाही. आणि आमची नात तर रांगायच्या, जे दिसेल ते तोंडात घालायच्या वयाची.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कायदा नव्या डब्याला लागू होतो, जुन्या भिंतीला नाही. भिंतीवर घट्ट बसलेला जुना रंग फारसा त्रास देत नाही. त्रास सुरू होतो तो आपण खोली 'नीट' करायला घेतो तेव्हा. कोरडा रंग खरवडला, काचकागदाने घासला किंवा दिव्याने जाळून काढला की त्याची बारीक धूळ आणि वाफ घरभर होते. लहान मूल येणार म्हणून खोली रंगवायची, आणि त्याच रंगकामाने ती खोली धोक्याची व्हायची!

म्हणून रंगाऱ्याला म्हटलं, "अरे, थांब जरा. हा हिरवा पट्टा कोरडा घासू नकोस."

तो हसला. "बाई, अठरा वर्षं घासतोय. आजवर काही झालं नाही."

"तुझ्या घरी लहान कोण आहे?"

"धाकटी आहे की, दोन वर्षांची. संध्याकाळी घरी गेलो की धावत येऊन बिलगते. कपडेसुद्धा बदलू देत नाही."

हे वाक्य बोलून तो स्वतःच गप्प झाला. दुसऱ्या दिवशी पिशवीत वेगळा शर्ट-पँट घेऊन आला. काम संपलं की न्हाणीत हातपाय धुऊन, कपडे बदलून घरी जायला लागला. मी काही सांगितलं नाही.

रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. आम्ही मात्र शिसं आहेच असं धरून चाललो. खोली पूर्ण रिकामी केली. जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून कडा चिकटपट्टीने बंद केल्या, माजघराचं दार लावून त्यावर ओली चादर टांगली. हिरवा पट्टा जिथे घट्ट होता तिथे तसाच ठेवला. पाणी फवारत ओल्या कागदाने वरची चकाकी तेवढी मोडली, म्हणजे अस्तर धरतं. जिथे सुटला होता तिथे ओला करूनच पत्र्याने काढला. मग लांबी भरली, अस्तर आणि नव्या रंगाचे दोन हात. खिडकीची फळी चौकटीला घासते तिथे दर उघडझापेला भुकटी पडते, म्हणून ती फळी उतरवून अंगणात नेऊन ओलीच साफ केली. खरवड गोळा करून पिशवीत बांधली. केरसुणी खोलीत नेली नाही. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने दोनदा पुसून घेतलं. तोंडाला मास्क, आणि चहाआधी साबणाने हात. एवढं करायला पाच दिवस जास्त लागले. त्या पाच दिवसांची मजुरी आम्ही दिली, हे सांगते ते मोठेपणासाठी नाही. सावकाश काम करायचे पैसे मिळाले नाहीत तर कुठलाही रंगारी सावकाश काम करणार नाही, म्हणून.

वरच्या भागात ऑइल पेंट नव्हता, पण प्लॅस्टिक पेंटला जागोजागी फुगे आले होते. भिंतीतली ओल बाहेर यायला जागा शोधत होती. तिथे चुन्यापर्यंत खाली गेलो, दहा दिवस भिंत उघडी वाळू दिली, आणि मग... पुन्हा चुनाच दिला! रंगाऱ्याने शेवटचा कधी लावला ते त्यालाही आठवेना. कळीचा चुना आणला, विरवला, गाळला, त्यात नीळ घातली. लावताना तोही म्हणाला, "बाई, काहीच लागत नाहीये." मी म्हटलं, "दुपारपर्यंत थांब."

जुनं ते सगळं सोनं, असं मला म्हणायचं नाही. चुना दरवर्षी द्यावा लागतो, आणि ते 'दरवर्षी' म्हणजे कोणाची तरी कंबर मोडते. बहुतेक वेळा घरच्या बाईची. आजचा नियमाप्रमाणे बनलेला रंग हा चांगलाच आहे. शिशाच्या सफेद्याची जागा घेणारं टायटॅनियमचं पांढरं ज्या खनिजापासून बनतं, ते आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही आहे. प्रश्न जुन्या-नव्याचा नाहीच. खोलीत कोण राहणार आणि भिंतीवर आधी काय आहे, या दोन गोष्टी पाहून ठरवायचं, एवढंच.

असो. लेख लांबला. दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगाची पुस्तकं उघडतात आणि फिकट पिस्ता की बदामी यावर बैठका बसतात. त्या जरूर बसू देत. पण घर २०१७ च्या आधीचं असेल आणि घरात लहान मूल किंवा दिवस राहिलेली लेक-सून असेल, तर कुठला रंग लावायचा हे ठरवण्याआधी खाली कुठला आहे ते पाहा. आणि रंगारी घासायला लागला की त्याला एक बादली पाणी द्या, आणि एकदा विचारा, त्याच्या घरी लहान कोण आहे.